जर्मनला एक कमी

हॅलिफॅक्सच्या बसथांब्यावर म्हाताऱ्या एनिडबाईंच्या पुढे दोघी मायलेकी उभ्या होत्या.

"उद्या कॉलेज सुरू, आणि आज कळवतात, जर्मनचा वर्ग रद्द!"

"का गं, फ्रेया?"

"बारा जण लागतात. आम्ही अकराच आहोत."

"मग फोटोग्राफी घे."

"आई, मला दुभाषी व्हायचंय, लग्नाचे फोटो नाही काढायचे!"

"बाबांना बसवू का वर्गात?"

"त्यांचं इंग्रजीसुद्धा कोणाला कळत नाही!"

"बार्न्सलीचे आहेत ते, तिकडची बोलीच तशी. त्यांचा काय दोष?"

पंधराव्या वर्षी शाळा सुटून गिरणी लागली, तेव्हा एनिडबाईंचे जर्मन दुसऱ्याच धड्यावर राहिले होते. बस आली, तशी त्यांनी फ्रेयाची बाही धरली.

"पोरी, त्या वर्गाला वयाची अट आहे का गं?"