भट्टीवाल्याचं नाक

मशीनचा दिवा घ्यायला आलेल्या शिंपीणबाई दुकानात रांगेत उभ्या होत्या. कान मात्र पुढच्या म्हाताऱ्या जोडप्यापाशी.

"स्वयंपाकघरात उष्णतेचा अलार्म लावा, आजोबा. धुराचा तिथे ऊठसूट कोकलतो. तो झोपायच्या खोलीबाहेर," दुकानदार सांगत होता.

"मला कशाला हवेत रे? अख्खा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे गेला. पाव करपायच्या आधी माझ्या नाकाला कळायचं!"

"खरंय हो. मी मागच्या दारानं डबा घेऊन यायचे, तर हे पाठमोरेच म्हणायचे, 'आलीस?'"

"तुझ्या केसांच्या तेलाचा वास. भट्टीच्या धुरातूनसुद्धा यायचा."

"बरं, मग आज सकाळी घरात काय करपलं?"

"आज? काही नाही."

"दूध. पातेलं काळं ठिक्कर पडलं. तुम्ही शेजारीच पेपर वाचत होतात."

म्हाताऱ्यानं हातातला अलार्म उगाच उलटसुलट केला.

"मला वास येत नाही, हे तुला कधी कळलं?"

"मी तेल बदललं, तेव्हाच."

म्हातारीनं दुसरा अलार्मही त्याच्यापुढे सरकवला.

"घ्यायचे ना?"

"दोन्ही बांध रे बाबा."

"आणि यापुढे मी आले की हाक मारत जाईन."