बरसीचा व्हिडिओ

किरनापूरच्या बसमध्ये पुष्पलताचा डोळा लागत होता, तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या माणसाने बापाचा फोन स्पीकरवर टाकला आणि झोपेचं खोबरं झालं.

"टीव्हीवर तुझ्या मायचा व्हिडिओ दिसूनच नाही राह्यला. तिच्या बरसीचे पाहुणे बसून हायेत."

"वायफाय चालू हाय का, बाबा?"

"हौ."

"सकाळी तर मी लावून दाखवला. मंग आता काहून नाही दिसत?"

"मले का मालूम."

"आतल्या खोलीतला कंप्युटर चालू हाय न?"

"तो मी बंद केला."

"बाबा, व्हिडिओ त्याच्यातच हाय. तिथूनच टीव्हीवर येते. किती डाव सांगतलं, बंद नका करू म्हणून."

"रिकाम्या खोलीत मशीन चालू दिसली का तुझी माय रागवे. आज तरी तिच्या मनासारखं होऊ दे."