तक्ता आणि आलेख

लिफ्टच्या रांगेत बालविभागाची नर्स सगळ्यात पुढे उभी होती. तिच्या मागे अहवाल बनवणाऱ्या मावशी-भाचीची हुज्जत चालली होती.

“मावशी, तक्ता आलेखाखाली मावत नाही गं. आपोआप पुढच्या पानावर जातोय. जाऊ दे ना!”

“साहेबांनी कधी दुसरं पान उलटलंय? आलेख म्हणतो, बालविभागात पेशंट घटले. खाटाच निम्म्या काढल्यात, हे तक्ता सांगतो. नुसता आलेख बघितला तर लावतील विभागाला टाळं.”

“मग काय करू?”

“पान आडवं कर, दोन भाग पाड. नांदू देत दोघं शेजारी-शेजारी.”

“अगं, बैठक अकराला आहे!”

“असू दे. पान बदलल्याशिवाय अहवाल द्यायचा नाही.”

लिफ्ट उघडली. आत जेमतेम दोघींपुरती जागा होती.

“तुम्ही चढा,” नर्स बाजूला होत म्हणाली, “मी जिन्याने येते.”