कॅसेटवरची भूमिती

राहुरीच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक बाप आणि त्याची दहावीतली मुलगी बसले होते.

"जयमाले, सरांना माफी लिहून दे. न्हाईतर परीक्षेला बसू देनार न्हाईत."

"काय लिहू, आबा?"

"वर्गात टेप नेला, न विचारता सरांचा आवाज भरला, चुकलं."

"विचारलं न्हाई, हे लिहिते. चुकलं, असं न्हाई लिहिनार."

"लई शहानी! भरला कशाला?"

"सर हप्त्यात दोनदाच येत्यात. बाकीचे दिवस आमी पोरी कॅसेट लावून भूमिती शिकतो."

"हेडमास्तरांना कळलं न्हाई?"

"व्हरांड्यातनं आवाज ऐकून ते सरांची हजेरी लावायचे. परवा आत आले अन् टेप जप्त केला."

"आज तरी सर शाळेत हायेत का?"

"न्हाईत."

"मंग माफी द्यायची कुनाच्या हातात? ऊठ, आपला टेप घेऊन येऊ."