पाकोळ्यांचं दार

पहाटेच्या शांततेत दाराचा लाकडी अडसर खर्रकन सरकला. चुलीवरची पेज ढवळणारा युनशूचा हात थांबला. एकट्या राहणाऱ्या आजोबांना ती शहरात, आपल्या बाराव्या मजल्यावरच्या घरी न्यायला आली होती. बाहेरच्या खोलीत ते तिच्या लेकीशी, तोंगतोंगशी बोलत होते.

“पणजोबा, एवढ्या लवकर दार का उघडलंत?”

“वर तुळईला घरटं दिसतंय? त्या पाकोळ्यांना कामाला जायचं असतं.”

“नाही उघडलं तर?”

“शिव्या घालतात. तुझी आई लहानपणी घालायची, तश्शा!”

“आई शिव्या घालायची?”

“याच उंबऱ्यावर बसून. बसू नकोस म्हटलं, की मुद्दाम बसायची.”

“चुगल्या पुरे, आजोबा! बॅग भरलीत का?” युनशूनं आतूनच विचारलं.

“भरतो गं. थंडीआधी पाकोळ्या गेल्या, की भरतो. तू पेज लागू देऊ नकोस. माझी कधी लागत नाही.”

“गेल्या वर्षीही हेच म्हणालात.”

“म्हणालो. पण वसंतात त्या परत येतात ना! दार बंद दिसलं तर?”

युनशू वाडगे घेऊन बाहेर आली. तिच्या डोक्यावरून एक पाकोळी भुर्रकन उंबरा ओलांडून गेली. तोंगतोंगनं तिची बाही ओढली.

“आई, आपल्याकडे आल्यावर पणजोबा सकाळी कुणासाठी दार उघडणार?”