वसंता आचाऱ्याचा दोष नव्हता

आमचा घरचा लाकडी घाणा होता, खानदेशात, काय सांगू तुम्हाला, शेंगदाण्याच्या तेलाच्या वासातच मी मोठा झालो. बाप म्हणायचा, तेल नुसतं रंग बघून घेऊ नये, थेंबभर तळहातावर घ्यावं, चोळावं, ऊब आली की हुंगावं. भाजल्या दाण्याचा वास आला तर घरात आणावं, खवट आला तर फुकट मिळालं तरी नको. त्या नाकावरच मी ओमानला आलो, रुसैलच्या एका गोदामात तेलाचे डबे पारखायला. मग अल् घुब्रात, जिथं आम्ही राहायचो, तिथल्या आपल्या मराठी बायकाही विचारू लागल्या, काका, भाजीला कोणतं घेऊ, चटणीवर कोणतं. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग एकदा मोठा ताप आला, ताप गेला आणि वासही गेला. कांदा नाही, अत्तर नाही, काही नाही. नोकरी जाईल म्हणून कुणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही. तळहात चोळायचो, नाकाशी न्यायचो, मान हलवायचो आणि डब्यावरची तारीख बघून सांगायचो.

तिथल्या आपल्या मराठी मंडळाच्या जेवणाला तेल मीच निवडायचो. रांधायला वसंता, रत्नागिरीकडचा, कंपनीच्या मेसमध्ये आचारी, सुट्टीच्या दिवशी आमच्यासाठी हौसेनं राबायचा. एकदा त्यानं डबा फोडला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, भाऊ, तेल खवट झालंय, डबे उन्हात राहिले वाटतं. बाजूला घेऊन बोलला बघा, माझा मान राखून. आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, अरे मासेखाऊ, घाणेवाल्याच्या पोराला तेल शिकवतोस? बायका हसल्या. तोही हसला, म्हणाला, बरं भाऊ, तुमचं नाक मोठं. आणि त्यानं कढई चढवली.

वडे कुणाच्या घशाखाली उतरेनात, पोरं इंग्रजीत नावं ठेवायला लागली. सगळे माझ्याकडे बघू लागले, तसा मी बोलून गेलो, तेल चांगलंच होतं, ह्यानंच मेसमधलं तळून उरलेलं त्यात ओतलंय. वसंता नुसता झारा धरून उभा राहिला. पुन्हा त्याला मंडळात कुणी बोलावलं नाही. दोन वर्षांनी नोकरी खलास करून तो गावी गेला.

आता मी इथंच ओमानात मुलाकडे असतो, बायको वारली. गेल्या महिन्यात धीर करून वसंताच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला. वसंता जाऊन वर्ष झालं होतं. मी तिला सगळं सांगितलं, वहिनी, चूक माझी होती, मला वासच येत नव्हता. ती म्हणाली, आता सांगताय भाऊ? हिकडं आल्यावर ते फोडणीचं तेलसुद्धा मला हुंगायला द्यायचे. म्हणायचे, तूच बघ गो, माझ्या नाकाचा काय भरवसा नाय.

तिनंच फोन ठेवला.

त्याच्या पोराबाळांचं देव भलं करो. तुम्ही मंडळासाठी हे लिहून घेताय तर माझं नाव घालूनच लिहा, आणि मंडळात सगळ्यांसमोर वाचा. मी पुढेच बसेन.