तपासणीची नळी

नाव सूर्यकांत नागनाथ पाच्छापुरे, वय ४६, धंदा अनुवंशशास्त्रातील संशोधन, मूळ निपाणी, हल्ली राहणार शिवाजीनगर, बेंगळूर. पोलीस ठाण्यातील हवालदार चिकोडीकडचे असल्याने मराठीत सांगतो, आणि स्वतः हजर होऊन सांगतो की,

मी सर्जापूर रोडवरील एका खाजगी प्रयोगशाळेत प्रमुख शास्त्रज्ञ आहे. काही नवजात बाळांना दुधातली साखर सोसत नाही. आईच्या दुधानेही ती दगावतात. अशाच दगावलेल्या एका बाळाच्या रक्तात मला या आजाराचा नवा जनुकीय दोष सापडला. नेहमीच्या तपासणीत तो दिसत नाही. आमच्या कंपनीने परदेशात त्याचे पेटंट घेतले. त्यावर शोधक म्हणून माझे नाव आहे. त्याची प्रत मी पाहुण्यांना दिसेल अशा भिंतीवर लावून घेतली. पेटंटमुळे संशोधनाला वेग येतो, या विषयावर मी ठिकठिकाणी भाषणेही देतो.

सरकारी दवाखान्यातील डॉ. प्रणिता याच दोषाची सोपी तपासणी तयार करत होत्या. ते काम थांबवावे, असे पत्र कंपनीने त्यांना पाठवले. खाली सही माझी होती. काम थांबले. वेग तो एवढाच आला.

गेल्या आठवड्यात त्याच दवाखान्यात शालन नावाची बाई बाळंत झाली. माझा शोध जिच्या पहिल्या मुलाच्या रक्तावर उभा आहे, ती हीच. या दुसऱ्या बाळाला अंगावर पाजावे की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हते. तोवर बाळाला सोयाबीनचे दूध चालू होते. शालनचे लुगडे पुढून ओले होते. तिने मला विचारले, "अण्णा, तुम्हीच शोधलंय म्हणतात. मग सांगा की."

मी कंपनीकडे या दोषाच्या तपासणीला लागणाऱ्या रसायनाची एक नळी मागितली. परदेशातील वकिलांना विचारावे लागेल, असे व्यवस्थापक म्हणाले. पेटंटच्या करारात तसे कलम होते. ते घालण्याचा आग्रह मीच धरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती नळी बर्फासह थर्मासमध्ये घातली. फाटकावर पहारेकरी देवाप्पा यांनी विचारले, "कॉफी का सर?" हो म्हणणे सोपे होते. मी म्हणालो, "नाही, थोडं प्रयोगशाळेचं आहे." मला चोरीचा सराव नाही. देवाप्पा यांनी जे ऐकले तेच वरिष्ठांना सांगितले. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

डॉ. प्रणिता यांनी तपासणी केली. दोष बाळातही निघाला. अंगावर पाजू नको, असे मी शालनला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे जगेल न्हवं?" मी हो म्हणालो. तिने बाळाला वाटी-चमच्याने सोयाबीनचे दूध पाजले. मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते.

नळी चुकून नेली असे लिहून दिल्यास कंपनीने दिलेली चोरीची तक्रार मागे घेऊ, असे व्यवस्थापकांनी कळवले आहे. नळी चुकून नेलेली नाही. ती परतही करता येणार नाही, कारण तपासणीत सगळी संपली.

हवालदारांनी हा जबाब मला मराठीतच वाचून ऐकवला. मी सांगितले तेच त्यात आहे, म्हणून खाली सही करतो.

सूर्यकांत ना. पाच्छापुरे